खिडकीवरचा पेपर कधी काढताय?

तुमच्या रूमच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं असेल तर प्रामाणिकपणे हात वर करा. दोन खिळ्यांवर टांगलेली चादर असेल तरी चालेल. ओढणी, लुंगी, मागच्या भाडेकरूने सोडून दिलेला कॅलेंडरचा पुठ्ठा, सगळे आपलेच लोक. मीही सात महिने याच पंगतीत बसले होते.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरची खोली. आम्ही दोघी. भाडं आमच्या बजेटमध्ये कसं काय बसलं, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते. दिवसा काही वाटत नाही, पण ट्यूबलाइट लावली की आमची खोली म्हणजे शोरूम. बाहेर गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला आमचं ताट, आमची पुस्तकं, दोरीवरचे कपडे, सगळं दिसणार. मग लावला पेपर. पावसाळ्यात दमट हवेने त्याची चिकटपट्टी सुटायची आणि एक कोपरा खाली लोंबायचा. एका रात्री त्या कोपऱ्यातून पाहिलं तर एक माणूस बाहेर सिगरेट ओढत उभा होता. तो काही करत नव्हता. नुसता उभा होता, कदाचित त्याचं लक्षही नसेल. पण त्या दिवसापासून संध्याकाळी सातनंतर आम्ही दोघी खिडकीच्या उंचीच्या खाली राहायला लागलो. म्हणजे अक्षरशः. अभ्यास जमिनीवर, जेवण जमिनीवर, कपडे बदलायचे बाथरूममध्ये, आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं तर जरा वाकूनच. सेमिस्टरची अख्खी परीक्षा आम्ही अशी वाकून दिली.

'मग पडदा का नाही घेतला?' हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला. घ्यायला गेलो होतो हो. पण तयार पडदे ठरावीक मापांत येतात. खिडकीला पाच फूट, दाराला सात फूट, मोठ्या दाराला नऊ फूट. आमची खिडकी जुन्या पद्धतीची, रुंदीला चार फूट आणि उंचीला साडेपाच. पाच फुटी पडदा खिडकी पुरती झाकतच नव्हता आणि सात फुटी खालच्या टेबलावर लोळत होता. शिवून देणाऱ्या दुकानात कापड, शिलाई, रिंगा, रॉड असा हिशोब कॅल्क्युलेटरवर झाला आणि आम्ही 'विचार करून येतो' म्हणून बाहेर पडलो. हे वाक्य म्हटलं की दुकानदारालाही कळतं आणि आपल्यालाही.

तेव्हा ठरवलं, आपणच शिवायचा. त्यात गंमत अशी की मी इचलकरंजीची. ज्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, ज्याला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, जिथे मागांच्या खडखडाटात आम्हाला लहानपणी झोप लागायची, त्या गावची. माझे पप्पा आयुष्यभर कारखान्यात घडी खात्यात आहेत. मागावरून उतरलेलं कापड तपासायचं, दोष शोधायचे, घड्या घालायच्या. आणि त्यांच्या मुलीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावलं होतं, तेही शेजारणीने लावून दिलेलं.

पहिला पडदा, म्हणजे पहिली माती

दोन मीटर कॉटन आणलं. माझं गणित सोपं होतं. खिडकी चार फूट रुंद, म्हणजे ४८ इंच. कापडाचा पन्हाही ४८ इंच. जमलं की! कापडाची रुंदी म्हणजे पन्हा, एवढं गावच्या कृपेने माहीत होतं. चारही बाजूंनी दुमडलं, धावदोरा घातला, दोरीत ओवलं आणि लावलं.

तो पडदा नव्हता, तो फलक होता. एकही चुणी नाही, ताणून बसवलेला. बाजू दुमडल्यामुळे रुंदी दोन इंचांनी कमी झाली आणि दोन्हीकडे फटी राहिल्या. पार्किंगमधल्या बाईकचा हेडलाइट बरोबर त्या फटीतून माझ्या उशीवर. दुसऱ्या आठवड्यात धुतला तर चांगला साडेतीन इंच आटला. पावसाळ्यात उंची वाढलेल्या मुलाची शाळेची पँट दिसते ना, तसा खिडकीच्या कडेच्या वर लटकत होता. रूममेट म्हणाली, "पेपर बरा होता."

रात्री घरी व्हिडिओ कॉल केला आणि पप्पांना दाखवला. त्यांनी आधी पडदा बघितलाच नाही. म्हणाले, "कॅमेरा जवळ ने. कापड बघू दे." मग जरा वेळाने, "कापड पाण्यात घातलंतीस का आधी?"

"नाही."

"असं कसं गं पोरी! घडीच्या घरातली हाईस आणि कापड आटतंय हे ठाऊक नाही?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी बावीस वर्षं त्यांच्या घरात राहून ऐकलं नव्हतं. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पुढे धुलाई, रंगाई करतानाही कापड ओढलेलंच असतं. आपण पहिल्यांदा भिजवतो तेव्हा तो ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळ जागेवर जातो. म्हणून कॉटन लांबीत जास्त आटतं. शिवाय दुकानातलं कापड खळ लावून कडक केलेलं असतं. हाताला भरीव लागतं, पण खळ धुऊन गेली की विरळ विण उघडी पडते. "खळीवर जाऊ नको. उजेडात धरून बघ," पप्पा म्हणाले. आणि शेवटी, "पन्हा खिडकीएवढा घेतलास, मग चुण्या कशाच्या पडणार?"

हा शेवटचा प्रश्न म्हणजे पडद्याचं अर्धं शास्त्र आहे. उरलेलं अर्धं म्हणजे सरळ टीप. बास.

आधी टेप, मग कात्री

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मोजमापाचा भाग जरा नीट वाचा, कारण पडदे बिघडतात ते सुईमुळे नाही, टेपमुळे. ड्रेसला काख असते, गळा असतो, गोलाई असते. पडद्याला फक्त सरळ रेघा. ज्याला शिवणातलं काहीही येत नाही त्याने सुरुवात करावी अशी ही एकमेव वस्तू आहे, असं माझं ठाम मत झालंय. पण रेघ चुकीच्या ठिकाणी आली तर ती कितीही सरळ असून उपयोग नाही.

पडद्याची रुंदी खिडकीवरून नाही, रॉडवरून ठरते. रॉडच्या लांबीच्या दीडपट कापड घेतलं तर बऱ्यापैकी चुण्या पडतात, दुप्पट घेतलं तर छान पडतात. आमचा हिशोब असा झाला. रॉड ४८ इंच, दुप्पट म्हणजे ९६. पन्हा ४८ इंचाचा, म्हणजे दोन पडदे, मध्ये उघडणारे. आणि इथे एक सुखद शोध लागला. पूर्ण पन्हा वापरला तर कापडाची किनार हीच पडद्याची बाजू होते. किनार मागावरच घट्ट विणलेली असते, तिचे धागे निघत नाहीत. म्हणजे बाजू शिवायच्याच नाहीत! फक्त वरची आणि खालची दुमड. दोन पडद्यांच्या मिळून चार दुमडी, प्रत्येकी ४८ इंच. एकूण १९२ इंच, म्हणजे सोळा फूट शिलाई. एका रविवारचं काम. (पहिल्या वेळी मी बाजूसुद्धा तीन तास बसून दुमडल्या होत्या. त्याबद्दल आता बोलायला नको.)

उंचीचं गणित: खिडकी ६६ इंच, वर तीन इंच, खाली सात इंच. तयार पडदा झाला ७६ इंचाचा. त्यात वरच्या नेफ्यासाठी तीन आणि खालच्या दुमडीसाठी चार मिळवले, ८३. दोन पडद्यांना १६६ इंच, म्हणजे साधारण ४.२ मीटर. आटण्यासाठी शंभराला पाच वाढवले तर साडेचार मीटरच्या आसपास. मोठं डिझाइन किंवा मोठी फुलं असतील तर अजून घ्यावं लागतं, कारण दोन्ही पडद्यांवरचं फूल एकाच उंचीला यायला हवं. नाहीतर एका बाजूची डोकी वर, दुसऱ्या बाजूची खाली. पहिल्यांदा शिवताय तर साधं एकरंगी घ्या किंवा बारीक बुट्टी घ्या. चौकटी तर नकोच, तुमची प्रत्येक चूक त्या ओरडून सांगतात.

टेप कापडी असेल तर तो जुना होऊन ताणला गेलेला नाही ना, हे एकदा फूटपट्टीवर ठेवून बघा. आणि खिडकी तीन ठिकाणी मोजा. जुन्या बिल्डिंगमधली एकही खिडकी काटकोनात नसते. आमची डावीकडून उजवीकडे पाऊण इंच उतरती आहे. घरमालक काका म्हणतात भूकंपात झालं, कुठल्या ते सांगत नाहीत.

रविवार पेठेत मोबाईलची टॉर्च

साडेचार मीटरची चिठ्ठी घेऊन दुसऱ्यांदा गेले ती रविवार पेठेत. तिथे कापडाच्या दुकानांची इतकी गर्दी आहे की पहिली दोन दुकानं नुसता भाव काढण्यासाठीच असतात. मुंबईकरांना हेच मंगलदास मार्केटमध्ये करता येईल. दुकानात 'पडद्याचं कापड दाखवा' म्हटलं की समोर चकचकीत पॉलिस्टरचा ढीग येतो. ते वाईट असतं असं नाही. आटत नाही, लवकर वाळतं, रंग टिकतो. पण सुई घेऊन पहिल्यांदा बसणाऱ्याच्या हातात ते मासळीसारखं निसटतं. कॉटनची घडी नखाने दाबली तरी बसते. म्हणून मी 'केसमेंट' मागितलं. साधी विण, जरा जाड, घरगुती शिवणाला सोयीचं. ४८ इंच पन्हा, ११० रुपये मीटर.

आणि मग पप्पांचं ऐकून मी दुकानात कापड वर धरलं आणि मागून मोबाईलची टॉर्च मारली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नोट नाहीये ती." पण आपल्याला तेच तर बघायचं असतं. साधा नियम आहे, ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू दिसते. दुपारी जाळीचा पातळ पडदासुद्धा बाहेरच्यापासून आपल्याला लपवतो, कारण बाहेर ऊन आणि आत अंधार. रात्री ट्यूब लागली की नेमकं उलटं होतं. दुपारी दुकानात उभं राहून निवडलेला 'किती सुंदर नेट' रात्री तुम्हाला पार्किंगच्या स्वाधीन करतो. तळमजल्यावर किंवा समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या मुलींनी तरी टॉर्चची टेस्ट केल्याशिवाय कापड फाडू देऊ नये. पातळच कापड आवडलं असेल तर आतून मांजरपाटाचं अस्तर लावता येतं. स्वस्त पडतं, थोडं वजन येतं, पडदा झुलतोही चांगला.

फाडू देऊ नये म्हणाले, कारण साध्या विणीचं कॉटन दुकानदार कात्रीने कापतच नाही. टोकाला छोटा काप देतो आणि टर्रकन फाडतो. ते रागावून केल्यासारखं दिसतं, पण कापड आडव्या धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे कडा सरळ मिळते. घरीही दोन पडदे वेगळे करताना मी हेच केलं. पहिल्यांदा फाडताना पोटात गोळा येतो. दुसऱ्यांदा मजा येते.

भिंतीला खिळा मारायचा नाही

आता रॉड. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं वाक्य, 'भिंतीला खिळा मारायचा नाही.' डिपॉझिट त्यांच्याकडे असतं, त्यामुळे वाद नको. पण भिंत आणि खिडकीची चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी काकांना अर्धा तास समजावलं. चौकट लाकडी होती आणि तिला आधीच पाच भोकं होती. "त्यातल्याच दोन भोकांत हुक बसवते, सहावं भोक पडलं तर डिपॉझिट कापा," म्हटल्यावर तयार झाले. मग बोहरी आळीतून पडद्याची स्प्रिंग आणली. तुम्ही आजोळी पाहिली असेल, पांढऱ्या प्लास्टिकची, आत तारेचं वेटोळं, दोन्ही टोकांना हुक. तिला आज कोणी विचारत नाही, पण हलक्या पडद्याला आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. खिडकीपेक्षा जराशी कमी लांबीची कापून घ्यायची, म्हणजे ताणून बसते. पडदा जड असेल तर मात्र ती मध्ये झोळ सोडते. लाकडी चौकटच नसेल तर दोन भिंतींच्या मध्ये दाबून बसणारा, आत स्प्रिंग असलेला रॉड मिळतो. त्याला एकही भोक लागत नाही. फक्त तो खिडकीच्या खाचेत बसवायचा असल्याने माप आतलं घ्यायचं.

गोल रिंगांचे, म्हणजे आयलेटचे पडदे हवे असतील तर रिंगा बसवून देणारी दुकानं आहेत, तेवढ्यापुरते पैसे द्या. रिंगांची संख्या सम ठेवा. विषम झाली तर पडद्याची एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीकडे, आणि काय चुकतंय ते आठवडाभर कळत नाही.

सोळा फुटांचा रविवार

आणलेलं कापड सगळ्यात आधी रात्रभर बादलीत. दुसऱ्या दिवशी साडेचार मीटरचं ओलं कापड गच्चीत वाळत घालताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी पाहिलं. "लग्नाचा मांडव आहे का गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "हाताने कशाला शिवतेस, माझी पायमशीन आहे की. ये तू वर."

ही त्यांची उषा मशीन, काळी, सोनेरी नक्षी पुसट झालेली. पायमशीन चालवणं म्हणजे सायकल शिकण्यासारखं आहे. पाय नीट पडला नाही की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. आजींनी मला कापडाला हातच लावू दिला नाही. सुईतला दोरा काढला, वहीचा रेघांचा कागद दिला आणि म्हणाल्या, "या रेघेवरून भोकं पाडून दाखव." तीन कागद वाकडे गेले. चौथ्यावर भोकं रेघेवर यायला लागली. पाचव्यावर मी स्वतःवर खूश. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, आणि यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही या मशीनला अपवाद मानलं होतं, हे मी आजींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. "त्यांनी टिपेत सुई मोडली नसणार कधी," आजी म्हणाल्या. कारण मी तोपर्यंत एक मोडली होती.

शिवण्याआधी इस्त्री. हे कोणी सांगत नाही, पण निम्मं शिवणकाम इस्त्रीनेच होतं. खालची दुमड आधी अर्धा इंच दाबायची, मग साडेतीन इंच, आणि दोन-दोन वितींवर टाचण्या लावायच्या. घडी इस्त्रीने बसली की तुम्ही नुसते त्या कडेच्या मागे जाता. शेजारच्या फ्लॅटमधला इंजिनीअरिंगचा एक मुलगा त्या दिवशी इस्त्री परत मागायला आला, हो, इस्त्री त्यांचीच. माझी दुमड बघून त्याला राहवेना. ड्रॉइंगच्या तासाला लागलेली सवय. पट्टी घेऊन बसला आणि मिलिमीटरमध्ये खुणा करत गेला. अख्ख्या पडद्यातली सगळ्यात सरळ घडी त्याची आहे हे मला मान्य करावं लागतं. त्यांच्या फ्लॅटला अजून सोलापुरी चादर टांगलेली आहे, तो भाग वेगळा. त्याला म्हटलं, तूच का शिवत नाहीस? म्हणाला, "आमच्यात कोणाला येत नाही." आमच्यात तरी कोणाला येत होतं? तीन आठवड्यांपूर्वी मलाही येत नव्हतं. शहरात पडदे शिवून विकणारे बहुतेक कारागीर पुरुषच असतात, पण फ्लॅटवरच्या मुलांना ते आपलं काम वाटत नाही. हे कोडं मला सुटलेलं नाही.

वरचा भाग म्हणजे नेफा. परकराला किंवा सलवारला नाडी ओवायला असतो तोच. अर्धा इंच आत दुमडून उरलेल्या अडीच इंचांत मी दोन टिपा मारल्या. एक दुमडीच्या कडेला, दुसरी तिच्या वर दीड इंचावर. मधल्या बोगद्यात स्प्रिंग जाते आणि वर उरलेल्या इंचाची छोटी झालर होते. आतली घडी बसते आहे ना, हे बघून मगच शिवा. मी एकदा नेफ्याचं तोंडच शिवून बंद केलं होतं. उसवलं. उसवणं हाही शिवणकामाचाच भाग आहे, असं आजी म्हणाल्या आणि एक जुनं ब्लेड हातात दिलं.

एक पडदा मशीनवर झाला आणि आजींच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली. दुसरा खोलीत हाताने शिवला. मशीन नसेल तर अडत नाही, हे त्यातून कळलं. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गाठी पडतात. खालच्या दुमडीला साधी हातशिलाई, सुलट बाजूला एक-दोन धागेच उचलायचे, म्हणजे टाका दिसत नाही. नेफ्याला मात्र उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला मागे येऊन पुढे जायचं, कारण सगळं वजन तिथे येतं आणि नुसता धावदोरा ओढाओढीत सुटतो. दोन्ही पडदे शेजारी लावल्यावर मशीनचा कोणता आणि हाताचा कोणता, हे चार फुटांवरून ओळखता येत नाही. दोन फुटांवरून येतं.

एकूण खर्च? कापड ४९५, दोऱ्याचं रीळ, सुया, टेप, स्प्रिंग आणि हुक धरून सहाशेच्या आत. पहिल्या पडद्याची माती वेगळी. तिच्यातून दोन उशांचे अभ्रे निघाले.

आईची साडी?

हा सल्ला प्रत्येकजण देतो, म्हणून सांगते. साडीचे पडदे छान होतात. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली तर नऊ-नऊ फुटांचे दोन पडदे निघतात, काठ बाजूंना आयते येतात. पण आजीची रेशमी साडी पश्चिमेच्या खिडकीला लावू नका. ऊन रेशमाला खातं. रंग तर जातोच, दोन-तीन उन्हाळ्यांत धागा कुजल्यासारखा होऊन घडीवर फाटायला लागतो. सुती किंवा पॉलिस्टर साडी घ्या. आणि कापायला जीव होत नसेल तर कापूच नका. चिमट्यांच्या रिंगा मिळतात, साडी दुहेरी घडी घालून त्यांत अडकवायची. घर सोडताना साडी पुन्हा साडी.

उन्हाचंही एक सांगायला हवं. माझा नागपूरचा वर्गमित्र म्हणतो की पडद्याने खोली गार होत नाही. त्याचं बरंचसं खरं आहे. काचेतून ऊन आत आलं की उष्णता आत आलीच, आतला पडदा ती थोडीफार परतवतो, त्यातही फिका रंग जास्त. म्हणून तर विदर्भात वाळ्याचे पडदे आणि बांबूच्या चिका खिडकीच्या बाहेर लावतात. वाळ्यावर पाणी मारलं की कोरड्या हवेत ते झरझर उडतं आणि आत येणारा वारा गार होतो. कोकणात किंवा मुंबईत हा प्रयोग करू नका. हवा आधीच ओली, नुसती खोली दमट होईल.

आणि हो, रूममध्येच गॅस किंवा इंडक्शन असेल तर त्या खिडकीला लांब पडदा नको. अर्ध्या उंचीचा लावा किंवा लावूच नका.

बाहेरून कसं दिसतं?

पडदे लावले त्या रात्री ट्यूब लावली, रूममेटला आत उभं केलं आणि मी पार्किंगमध्ये गेले. सिगरेटवाला माणूस उभा राहायचा बरोबर त्या जागेवर उभी राहिले. तिला फोनवर म्हटलं, हात हलव. खिडकी नुसती पिवळसर चौकोन दिसत होती. "हलवतेयस का?" "दोन मिनिटं झाली हलवतेय, येड्यासारखी." मग ती खिडकीच्या अगदी जवळ आली तेव्हा एक धूसर सावली हलली, बस्स. त्या रात्री आम्ही टेबलावर बसून जेवलो. सात महिन्यांत पहिल्यांदा टेबलाला टेबल म्हणून वापरलं. परीक्षा मात्र संपून गेली होती.

दिवाळीआधी पप्पा मला न्यायला आले. खोलीत आले, पाणी प्यायले, मग खिडकीकडे गेले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी पडद्याचं खालचं टोक उचललं, उलटं केलं, खिशातून चष्मा काढला आणि उजेडाकडे धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवत गेले. कारखान्यात फिरवतात तसंच. मध्ये दोन ठिकाणी बोट थांबलं.

"इथं टाका सुटलाय. हा हाताचा दिसतोय."

"हो."

"आणि इथं बघ, आडवी तार तुटलीय. इथंबी. हे सेकंड हाय गं. फ्रेशचा भाव लावला तुला."

मी म्हटलं, एकशेदहाने घेतलं. ते काही बोलले नाहीत. सुई-दोरा मागितला आणि उभ्या-उभ्याच तो सुटलेला टाका घातला. मग मागच्या बाजूला गेले आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीवरच्या पेपरकडे बघत म्हणाले, "ह्येला कापड मी धाडतो गावाकडनं. पन्हा किती पाहिजे?"

"छत्तीस चालेल," मी म्हटलं. "अर्धाच लावणार आहे. एक मीटर धाडा. भिजवायला मी आहे."